एकतीस नंबरच्या ढिगाऱ्यावरची फुली

व्हर्ना पोल्नरबद्दल आमच्या वॉरिंग गावात कुणी चांगलं बोललेलं मी तीस वर्षांत ऐकलं नाही. मी स्वतः तर कधीच बोललो नाही. ऑगस्टमध्ये तिला पुरलं आणि सगळे हॉलमध्ये जमले, तेव्हा हातात चहाचे कप आणि तोंडात गोड पावासारखे स्कोन धरून जो तो म्हणत होता, "बाई मोठी शिस्तीची होती हं." माझं डोकंच फिरलं. शिस्तीची कसली! खवीस होती ती. पण त्या खविसाबद्दल बोलायचा हक्क त्या हॉलमध्ये एकट्या मला होता, आणि मी बशीतला स्कोन कुस्करत गप्प उभा राहिलो.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते धान्याच्या कोठीवर. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा; तेव्हा गहू काढला की आम्ही सगळे ट्रक घेऊन तिथे रांगेत उभे राहायचो. बेचाळीस डिग्री ऊन, माश्या तोंडात जातायत, आणि वर मचाणावर ही उभी. हातातली लांब नळी ट्रकमधल्या गव्हात खुपसायची, दाणे काढून मशीनमध्ये टाकायची आणि ओल बघायची. साडेबारा टक्क्यांच्या वर ओल निघाली की ट्रक परत. माझी एकदा बारा पॉइंट सहा निघाली.

"अगं, पॉइंट एकचा तर प्रश्न आहे," मी खालून ओरडलो.

"साडेबारा म्हणजे साडेबारा, डेस. परत ने."

"चाळीस किलोमीटर परत नेऊ? तुझं मशीनही तुझ्यासारखंच खडूस आहे."

"मशीन मी रोज सकाळी तपासून घेते," ती वरूनच म्हणाली. "तुला कुणी तपासलेलं दिसत नाही. चल, पुढचा!"

मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून माझी लाज काढली. चाळीस किलोमीटर मी तिला शिव्या घालत गेलो.

मग ती निवृत्त झाली आणि आमच्यातच आली. आमच्यात म्हणजे लोवन मोजणाऱ्यांत. लोवन हा आमच्या रानातला कोंबडीएवढा पक्षी. तो अंड्यांवर बसत नाही. पायांनी वाळू आणि पालापाचोळा ओढून ओढून माणसाच्या कमरेएवढा ढिगारा करतो, अंडी त्यात पुरतो, आणि पाला कुजला की त्या उबेवर पिल्लं निघतात. रानात असे जुनेनवे शेकडो ढिगारे आहेत आणि प्रत्येकाला नकाशावर नंबर आहे. दर साली ऑक्टोबर ते जानेवारी आम्ही गावची माणसं, शेतकरी, मास्तरीण, पोस्टातला, ज्याला जमेल तो, वाटून दिलेले ढिगारे बघून येतो. चालू की बंद, एवढंच लिहायचं आणि फोटो लावायचा.

यात एक रीत आहे. ढिगाऱ्याशी गेलं की हात लावायच्या आधी, आहे तसा फोटो काढायचा. मग बघायचं, पावलांचे ठसे, अंड्याचं टरफल, काय असेल ते. आणि निघताना सगळ्यात शेवटी दोन काटक्या मोडून ढिगाऱ्याच्या माथ्यावर फुली ठेवायची. पुढच्या वेळी फुली तशीच असली तर पक्षी फिरकलेला नाही. पक्ष्याने खणलं असलं तर काटक्या कुठल्या कुठे उडालेल्या असतात. बावीस वर्षं मी ती फुली ठेवत आलो होतो. झोपेतही ठेवली असती.

व्हर्ना आठ वर्षं आमच्यासारखीच चालली. मग तिच्या खुब्याचं हाड गेलं आणि आमच्या मोजणी मंडळाने तिला घरी बसून नोंदी तपासायचं काम दिलं. झालं! माकडाच्या हाती कोलीत म्हटलं आम्ही. तिच्या आधी तपासणारं कुणी नव्हतं, हेही खरं. शहरातून एकदा दोन शास्त्रज्ञ आले होते, आमच्या यादीतले ढिगारे प्रत्यक्ष बघून गेले, आणि निम्मे चुकीचे निघाले. लोकांनी सशांची बिळं चालू ढिगारे म्हणून लिहिली होती. त्यानंतर आमची यादी वन्यजीव खात्यात कुणी उघडूनही बघत नव्हतं. म्हणून व्हर्ना बसली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, शेजारी चहा, हातात भिंग, समोर संगणक. प्रत्येक नोंद, प्रत्येक फोटो. आणि तिचे शेरे! "हा सशाचा उकिरडा आहे." "तुझा अंगठा फार सुरेख आलाय, ढिगारा कुठे आहे?" "ही पावलं कावळ्याची. कावळा अंडी पुरत नसतो." पोस्टातल्या माणसाने त्या अंगठ्यावरून सोडूनच दिलं. मास्तरीण रडली. मी म्हटलं, फुकटात उन्हातान्हात तंगडतोड करणाऱ्या माणसांशी असं बोलतात? पण तीन वर्षांत खातं आमची यादी मागवायला लागलं, तेव्हा तिचं श्रेय तिला द्यायला आमच्यातलं एकही तोंड उघडलं नाही.

मग आली खाण.

रेतीची खाण उत्तरेला आधीपासून होतीच. आता त्यांना ट्रकांसाठी सरळ रस्ता हवा होता, आणि तो जाणार होता केसलरच्या पट्टीतून. मॅव्हिस केसलरच्या सासऱ्याने ती पट्टी कधी तोडली नाही, नवऱ्याने तोडली नाही, तिने तोडली नाही. आजूबाजूला सगळा गहू, मध्ये दोन किलोमीटर रुंद जुनं रान. खाणीचा परवाना निघाला तर तिच्या नकाराला कोण विचारतो? खात्याची अट एवढीच होती की त्या मोसमात पट्टीत एक चालू ढिगारा निघाला तर रस्ता त्याला वळसा घालून जाईल, दोन निघाले तर पट्टीला हात लावायचा नाही, आणि एकही नसला तर रस्ता सरळ. या निर्णयासाठी यादी डिसेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी बंद होणार होती. पट्टीतले सगळे ढिगारे माझ्या वाटणीचे.

दोन डिसेंबरला मी सत्तावीस नंबरवर गेलो. टेकडीवरून उतरलो आणि समोर लोवन! पाठमोरा, दोन्ही पायांनी वाळू मागे फेकत होता. खिशातून फोन काढीपर्यंत पळाला. पण माती ताजी, ठसे ताजे, गेल्या वर्षीच्या माझ्या काटक्या पार खाली फेकलेल्या. फोटो काढले, फुली ठेवली आणि गाणं म्हणत घरी आलो. एक झाला!

बाकीचे सगळे बंद निघाले. शेवटचा एकतीस. दोन आठवड्यांनी तिथे गेलो, तर गेल्या वर्षीची माझी फुली माथ्यावर जशीच्या तशी. एक आहे, दुसरा असता तर पट्टी वाचली असती, आणि हा मुडदा बंद! मला इतका संताप आला की मी फुली लाथेने उडवली, गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हातांनी माथा उकरला. चांगला हातभर खोल, पक्षी करतो तसा. मनात म्हटलं, खाणवाले काय खरं वागतात? त्यांच्याशी मी खरं का वागू?

उठलो, हात झटकले, फोटो काढला आणि "आहे तसा, चालू" असं लिहून पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन.

"डेस, एकतीसचा फोटो. आहे तसा लिहिलंयस."

"हो."

"हात लावायच्या आधीचा?"

"हो म्हणतोय ना! सकाळी सकाळी काय चालवलंयस?"

"मग उकरलेल्या मातीवर तुझी फुली कशी?"

फुली निघताना शेवटी ठेवायची. मी माती उकरली, उठलो, हात झटकले, आणि बावीस वर्षांच्या सवयीने हाताने आपोआप दोन काटक्या मोडून माथ्यावर फुली ठेवली. मग फोटो काढला. पक्ष्याने खणलेल्या मातीवर, पक्षी येऊन गेल्यावर, नीट ठेवलेली ताजी फुली. फोटो पाठवताना मी तो पाहिलाही होता आणि मला काही खटकलं नव्हतं.

"आणि आजूबाजूचा पाला?" ती बोलतच होती. "लोवन पन्नास मीटरवरून पाला ओढून आणतो. झाडलेल्या वाटा दिसतात. इथे एक पान हललेलं नाही. तू फक्त माथा उकरलास."

मी फोन आपटला, पिकअप काढली आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती जाळीच्या दारातून म्हणाली, "पाय पुसून ये."

"तुला काय गं जातंय!" मी आत शिरताच ओरडलो. "टेबलाशी बसून बाद, बाद, बाद! पट्टी जाणार आहे! मॅव्हिसची पट्टी! तुझी नोंदी बाद करायची लाल रेघ खाणवाल्यांच्या किती कामाची आहे ते कळतं का तुला?"

"ओरडून झालं?"

"नाही झालं!"

"मग उभ्याने ओरड, मी चहा टाकते." तिने खरंच किटली ठेवली. मग वळली, आणि मी तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, कोठीवरही नाही. "खाणवाल्यांनी सगळी यादी मागवलीय, डेस. फोटोंसकट. त्यांचाही माणूस बसलाय तपासायला, पगारी. मला जे दिसलं ते त्याला दिसणार नाही? एक खोटा ढिगारा त्याच्या हाती लागला की तो म्हणेल, ही सगळी माणसं अशीच. तीस माणसांच्या तीनशे नोंदी कचऱ्यात. दहा वर्षं मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या यासाठी?"

"मग एकतीस काढून टाक. काढ! झालं?"

"नाही झालं. तुझ्या यंदाच्या सगळ्या नोंदी काढाव्या लागतील."

"सत्तावीस?"

"तोसुद्धा."

"सत्तावीस खरा आहे! पक्षी बघितलाय मी! या डोळ्यांनी!"

"माहीत आहे मला."

"कसं माहीत आहे?"

"कारण खोटं करणं तुला जमत नाही," ती म्हणाली. "फुली ठेवून आलास, बावळटा."

पुढे ती जे बोलली ते मला तेव्हा पटलं नाही, आता पाठ आहे. एकतीसवर उकरणारा माणूस सत्तावीसवरही उकरू शकतो, परक्या माणसाने दोन्ही फोटोंकडे बघून हेच म्हणायला हवं, आणि तिने परका होऊनच बघायचं असतं. मी टेबलावर मूठ आपटली, कप लवंडला. तिने फडक्याने टेबल पुसलं आणि विचारलं, "यादी परवा बंद होते. सत्तावीसवर दुसरं कोण जाऊ शकेल?"

कोण जाणार? सगळं गाव कापणीवर. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत एकेक जण यंत्रावर.

"मग मी येते," व्हर्ना म्हणाली.

"त्या खुब्यावर? तीन किलोमीटर वाळू आहे."

"मला माहीत आहे किती आहे. पहाटे पाचला ये."

पहाटे गेलो. सरळ वाटेवर बाई बरी चालली, पण वाळूच्या टेकड्या लागल्या आणि दर दहा पावलांवर थांबायला लागली. हात पुढे केला तर काठीने बाजूला सारला. "माझं मी बघते." ओठ पांढरे पडले होते. मला तिचा रागही येत होता आणि भीतीही वाटत होती. तीन किलोमीटरला अडीच तास लागले. मी मनात एकच धोशा लावला होता: मी तिथे फुली ठेवलीय. पक्षी रोज येतोय. काटक्या उडालेल्या असणार. ती बघेल, ती फोटो काढेल, तिच्या नावावर नोंद होईल. एक तर एक. निदान वळसा तरी!

शेवटची टेकडी मी आधी चढलो. ती वीसेक पावलं मागे होती, टेकडीआड. खाली उतरून ढिगाऱ्याशी गेलो.

फुली तशीच होती. दोन डिसेंबरला ठेवली तशी. वर वाऱ्याने बारीक वाळू बसलेली.

लागोपाठ दुसरं कोरडं वर्ष होतं. पाऊस नाही, तर पाला कुजत नाही, ढिगाऱ्यात ऊब धरत नाही. पक्षी थोडे दिवस धडपडतो आणि सोडून देतो. मी पाहिला तो त्याचा शेवटचाच दिवस असेल, किंवा शेवटून दुसरा.

खोटं कशाला बोलू, माझा पाय पुढे गेला होता. बुटाचं टोक काटक्यांपासून वीतभर लांब. टेकडीआडून तिच्या काठीचा आवाज येत होता. नुसता धक्का लावला असता तरी पुरे होता. या वेळी ढिगारा खरा होता, ठसे खरे होते, पक्षी खरा होता. खोट्या असत्या त्या फक्त दोन काटक्या.

"पाय मागे घे, डेस."

ती टेकडीच्या माथ्यावर उभी होती. मी पाय मागे घेतला. तिने पाहिलं म्हणून घेतला, की घेणारच होतो, हे मला आजही सांगता येत नाही, आणि याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

ती उतरली. फोटो काढला, आहे तसा. भोवती फिरली, वाकून ठसे पाहिले, वाऱ्याने अर्धे पुसले होते. वहीत लिहिलं. मग तिथेच वाळूत बसली, आणि ओरडली. त्या रानात तीन मैलांत माणूस नव्हतं, तरी मला वाटलं सगळं गाव ऐकतंय.

"बावीस वर्षं! मी तपासतेय त्या दहा वर्षांत तुझी एक नोंद मला बाद करावी लागली नव्हती! इतरांच्या शेकड्यांनी केल्या, तुझी एक नाही! तुझा शब्द खणखणीत होता, गाढवा! आज तो शब्द असता तर हा ढिगारा चालू होता. दोन तारखेला चालू होता, यादीत नोंदीच्या तारखेची स्थितीच धरतात! एवढं एक तुझ्याकडे होतं आणि तेच तू उकरून ठेवलंस!"

मी वाळूत पडलेली तिची काठी उचलून तिच्या हातात दिली.

परत येताना तिने माझा हात धरला. घराशी उतरताना मी विचारलं, "लोकांना सांगशील?"

"माझं काम नोंदी तपासायचं," ती म्हणाली. "तुझं तू सांग."

यादीत एवढंच आलं: निरीक्षकाच्या नोंदी पद्धतीतल्या चुकीमुळे बाद, सत्तावीस फेरतपासणीत बंद. खाली सही, व्ही. पोल्नर. पट्टीत चालू ढिगारे शून्य. मार्चमध्ये बुलडोझर आले आणि मॅव्हिसच्या सासऱ्याने राखलेलं रान पाच दिवसांत आडवं झालं. आता तिथून दिवसाला दोनशे ट्रक जातात, माझ्या गव्हावर धूळ बसते.

गावाला तपासणारीची सही दिसली, आणि गावाने काय ते ठरवलं. कुणीतरी तिच्या टपालपेटीत मेलेला ससा टाकला. दुकानात ती आली की बायका बोलायच्या थांबायच्या. मॅव्हिस तर भर रस्त्यात तिला म्हणाली, "खाणीने काय दिलं गं तुला, त्या डेसच्या नोंदी खोडायला?" मी पलीकडे पेट्रोल भरत होतो. व्हर्नाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "नोंद जशी होती तशी लिहिली," आणि काठी टेकत निघून गेली. मी पेट्रोल भरलं, पैसे दिले, घरी गेलो. सहा वर्षं मी असाच घरी जात राहिलो. लोक मला बिअर पाजायचे, "तुझ्यावर त्या बाईने अन्याय केला, डेस," म्हणायचे, आणि मी ती बिअर प्यायचो.

तिला पुरल्यावर आठवड्याने मंडळाने तिच्या वह्यांचं खोकं माझ्याकडे दिलं, पुढच्या तपासणाऱ्याकडे पोचवायला. मी शोधून शोधून ते वर्ष काढलं. एकतीसपुढे लिहिलं होतं: "बाद. माणसाने उकरलेला." नाव नाही. सत्तावीसपुढे त्या दिवशी वाळूत बसून लिहिलेलं, अक्षर वाकडंतिकडं: "बंद." आणि शेजारी शेऱ्याच्या रकान्यात, जिथे ती सशाचा उकिरडा आणि अंगठा असलं काहीबाही लिहायची, तिथे: "दोन डिसेंबरला डेसने पक्षी पाहिला. माझा विश्वास आहे. नोंद धरता येत नाही."

मी ती वही ऑक्टोबरच्या शिबिरात घेऊन गेलो. दरवर्षी मोसमाआधी सगळे हॉलमध्ये जमतात, नव्या लोकांना फुली कशी ठेवायची ते शिकवतात. शिकवायचं काम माझंच असतं. मी दोन काटक्या हातात घेतल्या, मग खाली ठेवल्या आणि वही उघडली. आधी एकतीस वाचलं आणि तो माणूस मी, हे सांगितलं. मग सत्तावीस वाचलं.

हॉलमध्ये चहाची किटली उकळत होती, ती बंद करायलाही कुणी उठलं नाही. मग मागच्या खुर्चीवरून मॅव्हिस केसलर उभी राहिली. मला वाटलं आता ही पट्टीबद्दल बोलणार, आणि मी त्याची तयारी करून आलो होतो.

"डेस," ती म्हणाली, "तिच्या पेटीत तो ससा मी टाकला होता. तू तेव्हा का नाही बोललास रे?"